काचेपलीकडचा शेजारी

सुरतेच्या नावाचा एक मासा आहे. बर्लिन शहरी वैद्यकी करणारे मार्कुस एलिझर ब्लॉख यांनी १७९० साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि त्यास 'सुराटेन्सिस', म्हणजे सुरतेचा, असे नाव दिले. आज शास्त्रज्ञ त्याला एट्रोप्लस सुराटेन्सिस म्हणतात, केरळात तो करीमीन आणि गोव्यात कालुंदर. त्याचे घर म्हणजे दक्षिणेकडील खाड्यांचे मचूळ पाणी, ओडिशातील चिल्का सरोवर आणि श्रीलंकेचा किनारा. सुरतेच्या मासळीबाजारात मात्र आमच्या उभ्या हयातीत तो आमच्या दृष्टीस पडलेला नाही. त्याच्या नावात सुरत आहे, वास्तव्यात नाही. आमचे नेमके उलटे आहे. रेल्वेच्या नोकरीनिमित्त पणजोबा येथे आले, त्याला चार पिढ्या लोटल्या. तरी शेजारीपाजारी अद्याप आम्हांला 'दक्षिणी'च म्हणतात. १६६४ आणि १६७० या दोन सालांची आठवण करून देऊन "तमे तो लूंटवा आव्या ने रही गया" अशी थट्टाही करतात. ती थट्टा ऐकत आम्ही लहानाचे मोठे झालो आणि आता म्हातारेही झालो.

हा सुरतेच्या नावाचा मासा सिक्लिड कुळातला. या कुळाचा मुख्य पसारा आफ्रिकेत आणि मध्य व दक्षिण अमेरिकेत आहे. आपल्या देशात त्याच्या तीनच मूळच्या जाती आहेत. चौथा आला तो तिलापिया. मूळचा आफ्रिकेतला, तो १९५२ साली खाद्यमत्स्य म्हणून आणवला गेला आणि पुढे देशभरच्या तळ्यांत व नद्यांत असा पसरला की, आता त्याला कोणी परका म्हणत नाही. या कुळाची दोन लक्षणे प्रसिद्ध आहेत. आपल्या पिल्लांची राखण करावी ती यांनीच, आणि भांडावे तेही यांनीच. अशा भांडकुदळ माशांची वीण आम्ही घरच्या काचपेटीत वीसेक वर्षे वाढवीत आलो. या लेखात 'आम्ही' म्हणजे आम्ही उभयता, पति-पत्नी. त्या छंदाची ही हकीकत सांगावयाची, तर ती घरातल्या एका भिंतीपासून सांगावी लागते.

नानपुऱ्यातील आमच्या वडिलार्जित घराची वाटणी २००० साली झाली. थोरले दादा आणि आम्ही यांच्यामध्ये वितुष्ट कशावरून आले, हे आज सांगू गेल्यास वाचकांना हसू येईल, आम्हांलाही येते. मोरीचा नळ, जिन्याखालची कोठी, वडिलांच्या नावावरचे एक खाते, एवढाच तो ऐवज. माजघराच्या मधोमध चार इंची विटांची भिंत उभी राहिली. खालचे पुढचे दोन खण आमच्याकडे आले, मागचे खण, जिना आणि माडी दादांकडे गेली. कोर्टात दावा चालू झाला आणि बोलणे बंद झाले. त्या कोऱ्या भिंतीकडे पाहवेना, म्हणून तिच्यापुढे काही तरी ठेवावे असे आमच्या मनात आले. २००१ च्या दिवाळीनंतर आम्ही तीन फूट लांब, एक फूट रुंद व दीड फूट उंच अशी काचेची पेटी करवून घेतली. तीत सुमारे सव्वाशे लिटर पाणी मावत असे. नळाचे पाणी दोन दिवस पिंपात ठेवून, क्लोरीन उडून गेल्यावर मग पेटीत घालावयाचे, हा धडा प्रथम शिकलो.

मासे आणले मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमधून. प्राणवायू भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या मांडीवर सांभाळीत संध्याकाळच्या फ्लाइंग राणीने आम्ही परत आलो. डब्यातल्या मुलांनी त्या पिशव्यांभोवती गर्दी केली. ते मासे मध्य अमेरिकेतल्या ओढ्यांतले होते. करड्या अंगावर आठ-नऊ काळे उभे पट्टे असल्याने, कैद्याच्या पट्टेरी कपड्यांवरून, त्यांचे इंग्रजी नाव 'कॉन्व्हिक्ट' असे पडले. आम्ही त्यांना 'कैदी'च म्हणू लागलो. नर मोठा, लांब परांचा; मादी लहान, पण पोटावर नारिंगी खवल्यांची झळक मिरविणारी. पक्ष्यांत आणि माशांत बहुधा नरच नटलेला असतो. येथे मान मादीचा.

तीन महिन्यांत त्यांनी संसार थाटला. आम्ही पेटीत एक फुटकी मातीची कुंडी आडवी ठेवली होती. दोघांनी तिच्यातली वाळू तोंडाने उपसून बाहेर टाकली आणि एके सकाळी कुंडीच्या आतल्या बाजूला दीड-दोनशे अंडी चिकटलेली दिसली. मादी दिवसभर छातीजवळच्या परांनी त्यांना वारा घालीत राही, म्हणजे ताजे पाणी त्यांवरून खेळते ठेवी. एखादे अंडे बुरशी धरून पांढरे पडले की, ते तोंडाने काढून टाकी. नर कुंडीच्या भोवती गस्त घाली. तिसऱ्या दिवशी अंडी फुटली. नुसत्या शेपट्या वळवळणाऱ्या त्या जिवांना आईबापांनी तोंडात धरून वाळूतल्या एका खळग्यात नेऊन ठेवले, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या खळग्यात. आणखी चार-पाच दिवसांनी पिल्ले तरंगू लागली. राखी रंगाचा एक लहानसा ढग पेटीत फिरतो आहे आणि त्याच्या पुढे-मागे दोन काळेभोर पहारेकरी आहेत, असे ते दृश्य होते. सांज झाली की मादी चुकार पिल्ले तोंडात गोळा करून कुंडीत थुंकी. आमच्या घरी त्या वेळी दिवेलागण होत असे. आम्ही उदबत्ती लावून पेटीपुढे बसत असू.

पेटीत सोबतीला दोन बार्ब मासे होते. त्यांची मात्र धडगत नव्हती. कोपऱ्यात पाण्याच्या वरच्या थरात ते जीव मुठीत धरून राहत. साफसफाईसाठी हात घातला तर नर आमच्या बोटालाही चावा घेई. आम्हांला बार्बांची दया आली आणि पिल्लांच्या आईबापांना निवांतपणा मिळावा असेही वाटले. म्हणून पुढच्या विणीच्या वेळी आम्ही ते दोन्ही मासे काढून एका स्नेह्याला दिले. पेटीत आता जोडपे आणि त्यांची पिल्ले, दुसरे कोणी नाही. आठवडाभरात नर मादीच्या अंगावर जाऊ लागला. प्रथम नुसता पर फुलवून, मग धडक देऊन. तिच्या शेपटीच्या चिंध्या झाल्या. आम्हांला वाटले, नवरा-बायकोचे भांडण, निवळेल. एका पहाटे ती गाळणीच्या नळीमागे आडवी पडलेली सापडली. नर शांतपणे पिल्लांची राखण करीत होता.

त्या दिवशी आमच्याकडे जेवण झाले नाही. माशासाठी एवढे काय, असे कोणी म्हणेल. पण त्याला शत्रू नको म्हणून आम्हीच शत्रू काढून घेतले होते, आणि आमच्या दयेनेच ती मादी मेली होती, ही बोच होती.

पुण्याच्या एका स्नेह्याला हे कळविले, तेव्हा त्याने एक पुस्तक पाठविले. १९७३ चे नोबेल पारितोषिक ज्यांना विभागून मिळाले त्या कोनराड लोरेन्झ यांचे, आक्रमकतेवरचे, मूळ जर्मन १९६३ साली निघालेले. त्यात आमचीच कथा होती. सिक्लिडांचे जोडपे एकटे ठेवले की नर आपला राग मादीवर काढतो, असे लोरेन्झ सांगतात. त्यांच्या मते उपाय असा : मोठ्या पेटीच्या मधोमध काच घालावी आणि पलीकडे दुसरे जोडपे ठेवावे. मग नर पलीकडच्या नरावर आणि मादी पलीकडच्या मादीवर धावून जाते. काचेमुळे कोणालाच इजा होत नाही, आणि दोन्ही घरांत शांतता नांदते. पुढचा तपशील आम्ही दोनदा वाचला. मधल्या काचेवर शेवाळ चढून पलीकडचे दिसेनासे झाले की, नर बायकोशी उद्धटपणे वागू लागे; काच पुसली की शेजाऱ्यांशी पुन्हा जोरदार, निरुपद्रवी भांडण जुंपे आणि घरातली हवा स्वच्छ होई.

आम्ही तसे केले. २००३ साली पेटीत मधोमध काच बसवली, नराला नवी जोडीदारीण आणली आणि पलीकडे दुसरे जोडपे ठेवले. उपाय अचूक लागू पडला. तीन वर्षांत दोन्ही बाजूंना किती विणी झाल्या, त्याचा हिशेब राहिला नाही. एकाही मादीच्या अंगावर ओरखडा उठला नाही. दर रविवारी आम्ही मधली काच घासून लखलखीत करीत असू.

परंतु त्या पुस्तकाने आमचे स्वास्थ्य घालविले. ती पेटी ज्या भिंतीला लागून होती, तिच्या पलीकडे दादा राहत होते. भिंत उभी राहिल्यापासून आम्हां दोघांमध्ये खटका म्हणून उडाला नव्हता. लग्नाच्या पहिल्या वीस वर्षांत जे जमले नाही, ते मतैक्य आता नांदत होते. त्यास कारण होते. संध्याकाळी आम्ही बोलत असू ते दादांविषयीच. त्यांनी पंप किती वेळ चालविला, वहिनींनी पायरीवर पाणी मुद्दाम कसे सांडले, त्यांच्या दूरदर्शनचा आवाज किती मोठा! आणि २००२ च्या उन्हाळ्यात दादा-वहिनी दोन महिने लेकीकडे बडोद्यास गेले, तेव्हा आमच्या घरात आमटीतल्या मिठावरून तीन दिवस अबोला झाला होता. तेव्हा त्याचा अर्थ कळला नव्हता. पुस्तक वाचून झाले त्या रात्री आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि दोघांनाही एकच आठवले. कोणी काही बोलले नाही.

लहानपणीचेही आठवले. १९५६ ते १९६० या काळात इकडे महागुजरात आणि तिकडे संयुक्त महाराष्ट्र, अशा दोन चळवळी धुमसत होत्या. आमच्या घरात एरवी काका आणि वडील यांचे पटत नसे. पण त्या चार वर्षांत ते एका पाटाला पाट लावून जेवत. दाराबाहेर परकेपणा जाणवू लागला की, दाराच्या आत सगळे एक होत. १ मे १९६० रोजी दोन राज्ये झाली, आम्ही सीमेच्या अलीकडे राहिलो, बाहेरचे वातावरण निवळले, आणि पाठोपाठ काकांनी वेगळे बिऱ्हाड केले. आपल्या जुन्या घराण्यांपैकी पुष्कळांच्या आठवणीत अशी एखादी गोष्ट असेल.

२००६ चा ऑगस्ट सुरतकर विसरणार नाहीत. सुमारे शंभर किलोमीटर वर असलेल्या उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याचा विसर्ग नऊ लाख क्युसेकच्या आसपास गेला. त्यातच पौर्णिमेची भरती, त्यामुळे समुद्र पाणी घेईना. ७ तारखेपासून तापी शहरात शिरू लागली आणि पाहता पाहता शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. आमच्या ओट्यावर पाणी आले तेव्हा आम्ही धान्याचे डबे फळीवर चढवीत होतो. गुडघाभर झाले तेव्हा वीज गेली. आम्हांला माडी नव्हती. जिना भिंतीपलीकडे होता.

अंधारात मागच्या गल्लीतून दादांचा आवाज आला. सहा वर्षांनी त्यांनी आम्हांला हाक मारली होती. "अरे, आहात का दोघं? चला वर. कागदपत्रं घ्या आणि चला." आम्ही कमरेएवढ्या पाण्यातून घराला वळसा घालून गेलो. जिन्याच्या तोंडाशी दादा कंदील घेऊन उभे होते. पिशव्या वर देताना ते म्हणाले, "आणि ते तुमचे मासे?" आम्हांला नवल वाटले. भिंतीपलीकडून त्यांना पंपाचा बुडबुड आवाज ऐकू येत असणार. आम्ही त्यांचा दूरदर्शन ऐकत होतो तसा. दादा स्वतः आमच्याबरोबर परत पाण्यात उतरले. चारही मोठे मासे आम्ही जाळीने काढून वहिनींच्या स्टीलच्या पिंपात घेतले. पिल्ले हाती लागली नाहीत. पहाटेपर्यंत पेटी गढूळ पाण्यात दिसेनाशी झाली.

माडीवर आम्ही चौघे चार दिवस राहिलो. ९ तारखेला राखीपौर्णिमा, आपली नारळी पौर्णिमा. वहिनींकडे एक नारळ होता. दर वर्षी आपण समुद्राला नारळ देतो, यंदा समुद्रच दाराशी आला, असे दादा म्हणाले. नारळ खिडकीतून सोडावा की फोडावा, यावर थोडी चर्चा झाली. अखेर वहिनींनी रॉकेलच्या स्टोव्हवर नारळीभात केला. वरून हेलिकॉप्टरे अन्नाची पाकिटे टाकीत होती. दाव्याविषयी कोणी अक्षर काढले नाही.

आम्हांला चिंता होती ती पिंपातल्या माशांची. दोन हाडवैरी जोडपी, मध्ये काच नाही, पाणी जेमतेम चाळीस लिटर. सकाळपर्यंत दोन तरी मरणार, असे आम्ही धरून चाललो होतो. कंदील धरून पाहिले, तर चौघेही तळाशी अंग चोरून एकमेकांलगत उभे. रंग फिके पडलेले, पट्टे पुसट झालेले. चार दिवसांत एकाने दुसऱ्याला चावा घेतला नाही. याचेही कारण पुढे समजले. सिक्लिड भांडतो तो जागेसाठी. कुंडी, खळगा, दगड, काही तरी आपले म्हणावे असे हवे. अनोळखी, उघड्या पिंपात कोणाचेच काही नव्हते. म्हणून भांडणही नव्हते. ती मैत्री नव्हे, हे आम्ही जाणून आहो. पण पिंपाभोवती बसलेल्या आम्हां चौघांची स्थिती त्याहून फार वेगळी होती, असेही म्हणवत नाही.

पाणी ओसरले. घरात ढोपरभर चिखल होता, तो दोन्ही बाजूंचा सर्वांनी मिळून उपसला. पुराने सगळे धुऊन नेले आणि सगळे पुन्हा गोड झाले, असे लिहिले असते तर लेख नीट संपला असता. तसे झाले नाही. चिखल निघाला, ज्याची त्याची जागा पुन्हा ज्याची त्याची झाली, आणि दिवाळीच्या सुमारास मोरीच्या नळावरून पुन्हा कुरबूर सुरू झाली. दावा आणखी दोन वर्षे चालला. २००८ साली दोघांनी समझोत्याने काढून घेतला. मात्र एक गोष्ट निश्चित बदलली. आम्ही आमच्या घरात दादांविषयी बोलणे बंद केले. ठरवून केले. आपल्यातली शांतता दुसऱ्याच्या जिवावर उभी आहे, हे एकदा डोळ्यांनी दिसल्यावर ती काच दर रविवारी घासण्याची आम्हांला लाज वाटू लागली. पहिली काही वर्षे जड गेली. आमचे आपसांत खटके उडू लागले. पुष्कळ जुनी भांडणे, जी दादांच्या नावाखाली झाकली गेली होती, ती वर आली. ती आमची होती, तेव्हा ती आम्हांलाच भांडावी लागली.

लोरेन्झ यांच्याविषयी पुढे असेही वाचले की, ते १९३८ साली नाझी पक्षाचे सभासद झाले होते. त्यांचे माशांचे निरीक्षण त्यामुळे खोटे ठरत नाही. ते आम्ही आमच्या पेटीत पाहिले आहे. राग हा पिंपातल्या पाण्यासारखा आत साठत जातो आणि कोठे तरी ओतावाच लागतो, ही त्यांची कल्पना मात्र पुढच्या अभ्यासकांपैकी पुष्कळांनी मान्य केलेली नाही. घराला शांतता हवी तर काचेपलीकडे शत्रू हवा, हा धडा माणसांच्या वस्तीत कोठवर जातो, हे त्या काळाच्या जर्मनीने दाखविले आहे. आम्हां पिढ्यान्‌पिढ्या परप्रांतात राहिलेल्यांना तर तो जपूनच घ्यावा लागतो. कारण आज आपण काचेच्या कोणत्या बाजूस आहो, हे आपल्या हाती नसते.

माशांसाठी दुसरा उपाय आहे, आणि तो कोणाही अनुभवी मत्स्यपालकास ठाऊक असतो. २००९ साली आम्ही चार फुटी पेटी घेतली. तीत मधली काच घातली नाही. एकच जोडपे ठेवले. दगड असे रचले की, या टोकाचे त्या टोकाला दिसू नये. कारण नजरेआड झालेल्याचा पाठलाग सिक्लिड बहुधा सोडून देतो. मादीसाठी एक नळी ठेवली, तिच्या तोंडातून ती आत जाईल पण नर शिरू शकणार नाही अशी. वरच्या थरात चपळ डानिओंचा लहानसा थवा सोडला. ते हाती लागत नाहीत, आणि नराचे लक्ष थोडे विभागते. धडका अजूनही होतात. मादी नळीत जाऊन बसते, तासाभराने बाहेर येते. त्यानंतर आमच्याकडे एकही मादी मेलेली नाही. आमच्या घरातही एक पुढची खोली आहे आणि एक मागची. दोहोंत पुस्तके आहेत.

दादा २०१९ साली गेले. त्याआधी २०११ मध्ये त्यांनी आपल्या खर्चाने माजघराच्या भिंतीत दार पाडून घेतले होते. भिंत काढू या, असे आम्ही म्हणालो, तेव्हा ते म्हणाले, "असू दे रे. दार आहे ना!" पेटी त्या दारासाठी दोन फूट बाजूला सरकवावी लागली. आता सकाळी वहिनी काठी टेकीत त्या दारातून येतात, खुर्चीवर बसतात आणि माशांना दाणे घालतात. प्रमाणाबाहेर घालतात, उरलेले कुजून पाणी बिघडते. आम्ही त्यांना तसे दोन-तीनदा सांगितले. त्या ऐकत नाहीत. आता आम्ही पाणीच एक दिवस आधी बदलतो.